दादा म्हणजे बहीण

डालाडाला, म्हणजे इथली मिनीबस, खच्चून भरलेली असते. दाराला लोंबकळणारा कंडक्टर आतल्या एका बाईला म्हणतो, "दादा, सोगेआ किदोगो." दादा, जरा सरका. बाई सरकते. मग मिसरूडही न फुटलेल्या एका पोराकडं वळून म्हणतो, "काका, नाउली." काका, भाडं. पोरगा खिशात हात घालतो. टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये नुकत्याच उतरलेल्या मराठी माणसाला वाटतं, कंडक्टर मोठा थट्टेखोर दिसतोय.

तो अगदी सरळ बोलत असतो. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ आणि मामा म्हणजे आई. बाबा तेवढे बाबाच राहतात. बाबू म्हणजे आजोबा, बीबी म्हणजे आजी. पन्नाशीच्या मराठी गृहस्थाला भाजीवाल्यानं "काका" म्हटलं तर वयाचा मान मिळाला म्हणून सुखावू नये. त्यानं नुसतं "भाऊ" म्हटलंय. मान द्यायचा असता तर "म्झे" म्हणाला असता. आणि "बाबू" म्हणाला तर समजावं, केस फारच पिकलेत. उलट बाजूनं, टोमॅटो विकणाऱ्या पंचविशीतल्या मुलीला हाक मारायची ती "दादा" अशीच, आणि आईच्या वयाची असेल तर "मामा". मराठी जीभ पहिले पंधरा दिवस बाईला मामा म्हणायला धजत नाही. पण नुसतं "ए, जरा ऐका" अशा अर्थाचं काही पुटपुटण्यापेक्षा चुकतमाकत का होईना नातं लावलेलं बरं. नातं न लावता इथं कुणी बोलायला सुरुवात करत नाही.

या शहरात परके शब्द फारसा त्रास देत नाहीत, ते विचारून घेता येतात. ओळखीचे शब्द मात्र फसवतात, कारण ते विचारायचं सुचतच नाही. आणि ओळखीचे शब्द इथं पावलोपावली आहेत. दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, लाकी म्हणजे लाख, दोबी म्हणजे धोबी, बीमा म्हणजे विमा, गुनिया म्हणजे गोणी, काचुंबारी म्हणजे कोशिंबिरीच्या घराण्यातलं कचुंबर. नोव्हेंबर ते मार्च ईशान्येकडून कास्काझी वारा वाहतो, त्याच्या जोरावर आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गलबतं इकडं यायची. एप्रिलनंतर दक्षिणेकडून कुसी सुरू झाला की परत फिरायची. गलबतांबरोबर कापड आलं, माणसं आली, शब्द आले. जर्मन ईस्ट आफ्रिका कंपनीनं १८९० च्या सुमारास इथं नाणी पाडली ती रुपया आणि पेसा याच नावांची, आणि हिशेबही आपला जुनाच, ६४ पेसा म्हणजे एक रुपया. रुपया गेला, शिलिंग आला, पण पेसा हा शब्द राहिला आणि आता मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेत एम-पेसा होऊन बसलाय. काही शब्द पोर्तुगीजांनी दोन्ही किनाऱ्यांवर सारखेच टाकले. आपलं पिंप इथं पिपा आहे. आंघोळीचं पाणी तापवणारा आणि आगीवर धावणारा आपला बंब इथं बोंबा, म्हणजे साधा नळ. "माजी या बोंबा" म्हणजे नळाचं पाणी.

पण गारी म्हणजे मोटार, बस, ट्रक काहीही. रांगी म्हणजे रंगच, शहराच्या दक्षिणेला म्बागाला रांगी तातू नावाचा गजबजलेला भाग आहे, त्याचा शब्दशः अर्थ "म्बागाला तीन रंग". तेवढं कळलं म्हणून खूश होऊन टपरीवर "चाय या रांगी" मागवाल तर रंगीबेरंगी काही येत नाही. बिनदुधाचा काळा चहा येतो. दुधाचा हवा असेल तर "चाय या माझिवा". आणि चपाती मागवली तर पानात पडतो तो मैद्याचा, तेल लावून गुंडाळी करून पुन्हा लाटलेला पदरांचा पराठा. चपाती म्हणून खायला गेलं की जड वाटतो, पराठा म्हणून खाल्ला की उत्तम लागतो.

वेळेचं प्रकरण याहून अवघड आहे.

इथं तास सूर्य उगवल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे "सा-आ मोजा", पहिला तास. आठ म्हणजे दोन, नऊ म्हणजे तीन. दुपारचे बारा म्हणजे "सा-आ सिता", सहा. संध्याकाळचे सहा म्हणजे बारा, आणि सात वाजता पुन्हा एकपासून रात्रीची मोजणी सुरू. शहर विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम सात अंशांवर असल्यानं सूर्योदय वर्षभर पावणेसहा ते साडेसहाच्या आसपास राहतो, त्यामुळं हा हिशेब बाराही महिने चालतो. आपल्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजल्या जायच्या. ज्या घरात पंचांग उघडलं जातं तिथं ही कल्पना परकी वाटू नये. मोबाइलवरची घड्याळं मात्र जगासारखीच असतात. माणूस पडद्यावर सात बघतो आणि तोंडानं एक म्हणतो, त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही.

काट्यांचं घड्याळ असेल तर युक्ती सोपी आहे: तास काट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. नसेल तर सहा मिळवायचे किंवा वजा करायचे. आकडा इंग्रजीत सांगितला तर तो आपलाच समजायचा, स्वाहिलीत सांगितला तर सहाचा फरक धरायचा. ऑफिसात एकच माणूस एकाच वाक्यात दोन्ही वापरतो, म्हणून "टेन" आणि "न्ने" यांत गोंधळू नये: सा-आ न्ने, म्हणजे चार, म्हणजेच सकाळचे दहा. मराठी कानाला आणखी एक खड्डा आहे. सिता ऐकलं की सात आठवतात, पण ते सहा. सात म्हणजे साबा, आणि सा-आ साबा म्हणजे दुपारचा एक. नळ दुरुस्त करणारा, म्हणजे फुंदी, "सा-आ साबा" म्हणाला आणि तुम्ही सकाळी सातला दार उघडून बसलात, तर सहा तास वाट पाहाल. तो वेळेवरच येईल.

सर्वांत महाग चूक बसच्या तिकिटाची. लांब पल्ल्याच्या गाड्या म्बेझी लुइसच्या मागुफुली बसस्थानकातून सुटतात, २०२१ मध्ये ते सुरू झालं. पुष्कळ गाड्या भल्या पहाटे किंवा सकाळी निघतात. हातानं लिहिलेल्या तिकिटावर "सा-आ १२ असुबुही" असेल तर ते सकाळचे सहा. असुबुही म्हणजे सकाळ, तेवढा शब्द वाचायचा राहिला की माणूस दुपारी बाराला पिशव्या घेऊन फलाटावर हजर, आणि गाडी मोरोगोरो मागं टाकून दोडोमाच्या वाटेवर. तिकीट घेतानाच प्रहर विचारून घ्यावा. असुबुही सकाळ, म्चाना दुपार, जिओनी संध्याकाळ, उसिकू रात्र. शक्य तर तिकीटवाल्यालाच कोपऱ्यात चोवीस तासांच्या पद्धतीनं आकडा लिहायला लावावा.

वारांचीही गंमत आहे. आठवडा शुक्रवारच्या नमाजानंतर सुरू होतो, म्हणून शनिवार हा पहिला: जुमामोसी. रविवार दुसरा, जुमापिली. सोमवार तिसरा, जुमातातू. मंगळवार जुमान्ने, बुधवार जुमातानो, म्हणजे पाचवा. पुढं गुरुवार सहावा व्हायला हवा होता, पण त्याचं नाव अरबीतून आलेलं, अल्हामिसी, आणि त्याचाही अर्थ पाचवाच. एका आठवड्यात दोन पाच. तातू म्हणजे तीन एवढं ठाऊक असलेला नवखा माणूस जुमातातू म्हणजे बुधवार समजतो. सोमवारची भेट चुकते. रात्रीच्या तारखांनाही जपावं. जुना दिवस सूर्यास्ताला बदलायचा, त्याची खूण "उसिकू वा कुआम्किया" या शब्दप्रयोगात उरली आहे, म्हणजे "अमुक वारी उजाडणारी रात्र". बातमीत "उसिकू वा कुआम्किया जुमातातू" असेल तर ती रविवारची रात्र.

घर शोधायला लागलात की दलाली भेटतो. आपल्याकडं दलाली म्हणजे कमिशन, इथं दलाली म्हणजे माणूस, आपला दलाल. त्याचा वाटा साधारण एका महिन्याचं भाडं, आणि घरमालकाला भाडं तीन, सहा, कधी बारा महिन्यांचं एकदम आगाऊ हवं असतं. महिना चार लाख शिलिंगाची जागा सहा महिन्यांच्या बोलीवर घेतली तर पहिल्याच दिवशी अठ्ठावीस लाख मोजायचे. रुपयाला तीसच्या आसपास शिलिंग धरा, म्हणजे नव्वद हजारांच्या वर. काही दलाली नुसती जागा दाखवण्याचेही पैसे मागतात, ते निघण्याआधी बोलून घ्यावं. जागा कोरड्या दिवसांत पाहिली असेल तर भिंतीवर ओलीची रेघ आहे का ते बघावं. मार्च ते मे हा "मासिका" नावाचा मोठा पाऊस, ऑक्टोबरअखेरीपासून डिसेंबरपर्यंत "वुली" नावाचा छोटा. मासिकाच्या पावसात म्सिंबाझी नदीचं खोरं भरतं, जांग्वानीला मोरोगोरो रस्ता पाण्याखाली जातो, आणि शहराचा मध्य उरलेल्या शहरापासून तुटतो.

पाण्याच्या बाबतीत मुंबईच्या उपनगरात वाढलेल्याला फार शिकावं लागत नाही. शहराचं पाणी मुख्यतः रुवू नदीतून येतं, आणि २०२२ च्या अखेरीस नदी आटली तेव्हा भागवार पाळ्या लागल्या होत्या. म्हणून नीट घरात जमिनीवर एक टाकी, गच्चीवर दुसरी, मध्ये पंप. यात चुकतं ते असं की नळाला पाणी येतं तेव्हा वीज नसते आणि वीज येते तेव्हा खालची टाकी रिकामी असते. दोन्ही एकदम आली की हातातलं काम टाकून पंप लावायचा, वरची टाकी काठोकाठ भरेपर्यंत. ज्या घरात टाकी नाही तिथं वीस लिटरच्या पिवळ्या कॅनचा हिशेब, त्याला दुमू म्हणतात, आणि ते ढकलगाडीवरून दारात येतात. समुद्राजवळच्या बोअरचं पाणी खारं असतं, भाजीपुरतं ठीक, चहा बिघडतो. विकत घेताना "माजी चुंवी" की "माजी बारिदी" ते विचारावं. बारिदी म्हणजे इथं गोडं, थंड नव्हे. चुंवी म्हणजे मीठ.

वीज मोबाइलच्या रिचार्जसारखी आधी विकत घ्यायची. या पद्धतीचं नाव लुकू, "लिपा उमेमे कादिरी उतुमियावियो" याचं आद्याक्षरी रूप: वापराल तेवढ्या विजेचे पैसे भरा. मोबाइल-पैशातून मीटरचा अकरा आकडी क्रमांक आणि रक्कम टाकली की संदेशातून वीस आकडी टोकन येतं, ते मीटरच्या पाटीवर किंवा घरातल्या छोट्या रिमोटवर एकेक आकडा दाबून भरायचं. साध्या घरगुती दरात दहा हजार शिलिंगांत २८ च्या आसपास युनिटं मिळतात. महिन्यातल्या पहिल्या खरेदीत तीन-चार कमी येतात, त्यावरून नवे भाडेकरू हमखास दुकानदाराशी हुज्जत घालतात. २०२१ पासून घरपट्टीचा मासिक हप्ता याच खरेदीतून कापला जातो, दुकानदार बिचारा निर्दोष असतो. शेजाऱ्याला त्याच पैशांत तिप्पट युनिटं मिळाली तर तो महिन्याला ७५ युनिटांच्या आतला स्वस्त दराचा ग्राहक आहे, एवढंच. खरी फजिती वेगळी. वीज संपते रात्री, घरात काळोख, मीटरचा क्रमांक भिंतीवरच्या पाटीवर, आणि संध्याकाळच्या गर्दीत टोकनचा संदेश अडकलेला. मीटरचा क्रमांक फोनमध्ये साठवावा, दहा युनिटं उरली की भरावं. एकच मीटर दोन बिऱ्हाडांत असेल तर करारापूर्वीच नाही म्हणावं. समोरच्याकडं फ्रीज किती आणि तुमच्याकडं किती, हा वाद कुणालाही जिंकता येत नाही.

मोबाइल-पैशाशिवाय इथं चालत नाही. सिमकार्ड बोटांचे ठसे देऊन नोंदवावं लागतं, परक्यांना पासपोर्टवर. प्रत्येक कोपऱ्यावर छत्रीखाली किंवा खोपटात एक वाकाला बसलेला असतो. शब्द आपल्या वकिलाच्याच कुळातला, काम मात्र रोख घेऊन फोनमध्ये भरण्याचं आणि फोनमधलं काढून रोख देण्याचं. पैसे भरायला शुल्क नाही, काढायला आहे, म्हणून जिथं फोनवरून देता येतं तिथं थेट दुकानाच्या "लिपा नांबा"वर, म्हणजे पैसे भरायच्या नंबरवर, द्यावं. पिन दाबण्याआधी पडद्यावर समोरच्याचं नाव येतं, ते वाचायची सवय लावावी. पहिल्याच आठवड्यात कधीतरी अनोळखी क्रमांकावरून संदेश येईल, "इले हेला तूमा क्वेन्ये नांबा ही", ते पैसे या नंबरवर पाठव. कुणाचे पैसे, कसले पैसे, काही नाही. ज्याला खरोखरच त्या दिवशी कुणाला पैसे पाठवायचे असतात तो बरोबर या जाळ्यात पाय टाकतो. साधेपणातच त्या फसवणुकीची हुशारी आहे.

बाजारात आकडे अर्धेच बोलतात. "तानो" म्हणजे पाच नव्हे, पाच हजार. "म्बिली ना नुसू" म्हणजे अडीच हजार. हजाराला बोली भाषेत बुकू, पाचशेला जेरो. लाकीपर्यंत आपला हिशेब चालतो, कोटी मात्र इथं नाही, दहा लाकींचे मिलियोनी होतात. भाजी पुष्कळदा वजनावर न देता फुंगूवर देतात. या शब्दाला मराठीत अगदी नेमका शब्द आहे, वाटा. मासळीबाजारात पाटीवर कोळंबीचे वाटे लावतात तसे इथं टोमॅटो, कांदे, मिरच्या, लिंबांचे मनोरे. वाट्याचा भाव सहसा घासाघीस करून उतरत नाही, पण "न्योंगेझा" म्हटलं, वर काहीतरी घाल म्हटलं, तर वर एक टोमॅटो मिळतो. मागताना "निपे", दे, म्हणू नये. "नाओंबा", विनंती आहे, म्हणावं, पाण्याच्या बाटलीसाठीसुद्धा. पिशवी घरून न्यायची. १ जून २०१९ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि ती पाळली जाते. महाराष्ट्रातली २०१८ ची बंदी आणि तिचं पुढं काय झालं हे पाहिलेल्या माणसाला याचं नवल वाटतं. विमानतळावर सामानातल्या प्लॅस्टिक पिशव्याही काढून ठेवायला सांगू शकतात, तेव्हा लोणच्याची बरणी निघतानाच कापडात गुंडाळलेली बरी.

घाऊक खरेदी कारियाकूला. पहिल्या महायुद्धातल्या हमालांच्या पलटणीच्या, कॅरियर कोअरच्या, नावाचा हा अपभ्रंश. बाजाराची मूळ इमारत जुलै २०२१ मध्ये जळाली, पण कारियाकू म्हणजे ती इमारत नव्हेच, भोवतालच्या सगळ्या गल्ल्या. हिंग, पोहे, कढीपत्ता हवा असेल तर मात्र किसुटूकडं वळावं, मंदिरांच्या रस्त्यावर, जिथं वाणसामानाच्या दुकानांत गुजराती चालते.

तिथवर जायला बजाजी. तीनचाकी रिक्षा कुठल्याही कंपनीची असो, नाव बजाजीच. यातल्या कितीतरी वाळूजच्या कारखान्यातून आलेल्या असतात, आणि छत्रपती संभाजीनगरहून आलेला माणूस परमुलखात गावचा कुणी भेटावा तसा त्यांच्याकडं बघतो. मीटर नाही. भाव आधी ठरवायचा, नाहीतर ॲपवरून बोलवायची. ठरावीक रस्त्यावर धावणाऱ्या सामायिक बजाजीही असतात, मागं तिघं, कधी ड्रायव्हरच्या बाजूला चौथा. डालाडालाचं मार्गाचं नाव कपाळावर रंगवलेलं असतं आणि अंगावरचा रंगीत पट्टा मार्गाप्रमाणं बदलतो, म्हणून नाव वाचता येण्याआधी पट्टा दिसतो. लहान अंतराला सहाशेच्या आसपास शिलिंग, सुटे हवेत. सकाळी दहा हजारांची नोट काढली तर कंडक्टर, म्हणजे कोंडा, तुमच्याकडं असा बघतो की बस. शाळकरी पोरांना दोनशेच पडतात, त्यामुळं भर गर्दीच्या वेळी गणवेश दिसला की गाडी थांबता थांबत नाही. उतरायचं असेल तेव्हा थांब्याच्या थोडं आधी "शुशा!" म्हणून मोठ्यानं ओरडायचं. हळू आवाजातलं सभ्य शुशा इंजिनाच्या आवाजात विरतं आणि माणूस पुढच्या थांब्यावर उतरतो. २०१६ पासून स्वतंत्र मार्गिकेतून म्वेंदोकासी ही बस धावते. नावाचाच अर्थ वेग, आणि गाडीत शिरता आलं तर वेग आहेही.

घाई असली तरी नमस्कार टाळायचा नाही. दुकानात शिरून थेट भाव विचारला तर उत्तर मिळतं, पण कोरडं. बरोबरीच्याला "माम्बो", त्याचं उत्तर "पोआ". थोडं औपचारिक "हाबारी", उत्तर "न्झुरी". घरी कुणी आजारी असलं तरी आधी न्झुरीच म्हणायचं, मग "इला", म्हणजे पण, म्हणून खरं सांगायचं. एका पिढीनं मोठ्या माणसाला "शिकामो", त्यावर "माराहाबा". शिकामोची फोड लोक "पाय धरतो" अशी सांगतात, म्हणजे हे शब्दांनी केलेलं पाया पडणं. पस्तिशीच्या बाईला शिकामो केला तर ती हसत हसत विचारेल, मी एवढी म्हातारी दिसते का? ठेच लागली की रस्त्यावरचा अनोळखी माणूसही "पोले" म्हणतो. ती क्षमायाचना नव्हे, त्यानं काही केलेलं नसतं. आपल्या "अरेरे, जपून"च्या जवळचं काहीतरी. क्षमा मागायची तर "सामाहानी".

कोकणातून आलेल्याला हे शहर जेवणाच्या बाबतीत जास्त लवकर उलगडतं. फेरीच्या मासळीबाजारात सकाळी लिलाव चालतो, तिथले विबुआ म्हणजे आपले बांगडे आणि न्गुरू म्हणजे सुरमई. लिलावात आख्खी पाटी घ्यावी लागते, दोन माशांसाठी कडेच्या विक्रेत्यांकडं जावं. खवले काढणारे वेगळे बसतात, त्यांचे पैसे वेगळे. तूर इथं म्बाझी, आणि ती डाळ न करता सबंध शिजवतात. दक्षिणेतल्या लिंडी-म्त्वारा भागात आणि उत्तरेत मान्याराला ती पिकते ती मुख्यतः भारतासाठी. ऑगस्ट २०१७ मध्ये भारतानं तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली तेव्हा इथले भाव कोसळले होते. घरी शिजवायची तर रात्रभर भिजवून मऊ शिजवायची, मग नारळाचं दूध. खवणीला इथं म्बुझी म्हणतात, म्हणजे बकरी. पुढं दातेरी पातं आलेलं, मागं बसायची लाकडी फळी, आपल्या आजीच्या खवणीची सख्खी बहीण. पातळ दूध आधी घालून तूर त्यात मुरू द्यायची, घट्ट दूध शेवटी, आणि त्यानंतर खळखळून उकळू द्यायचं नाही, फाटतं. हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही.

सकाळी ही तूर मांदाझीबरोबर, म्हणजे तळलेल्या गोडसर पावांबरोबर, खातात, किंवा मग वितुंबुआ. एकच असेल तर कितुंबुआ. दुरून बघितलं तर आप्पेच. अर्धा किलो तांदूळ रात्रभर भिजवून एका मोठ्या नारळाच्या घट्ट दुधात गंधासारखे वाटायचे, त्यात पाऊण वाटी साखर, चमचाभर यीस्ट, वेलची. नारळाचं दूध कोमट असावं, कढत असेल तर यीस्ट मरतं आणि पीठ मठ्ठासारखं बसून राहतं. तासाभरात फुगून जाळी पडली की खळग्यांच्या कढईत प्रत्येक खळग्यात चमचाभर तेल चांगलं तापवून पीठ ओतायचं. तेल थंड असलं की चिकटतं, साखर जास्त झाली की आत कच्चं राहून बाहेरून काळं होतं. कडा सोनेरी सुटल्या की काडीनं उलटायचं. गल्लीतली बाई हे कोळशाच्या शेगडीवर पहाटे पाचपासून करत बसते आणि साडेआठपर्यंत तिची पाटी रिकामी होते. उद्या सातला आलं तर मिळतील का, असं तिला विचारायचं असेल तर, मामा, केशो सा-आ मोजा. सा-आ साबा म्हणालात तर ती मान हलवून हसेल. दुपारी एकला शेगडी धुऊन उपडी घातलेली असते.